पाकळी पडेपर्यंत

असले अनुभव मी वाचायची नाही. आत्याच्या उशाशी देवाधर्माची दोन-चार मासिकं कायम असायची. त्यात "तेवढ्यात एक अनोळखी माणूस समोर येऊन उभा राहिला" ही ओळ आली की मी मासिक मिटून तिच्या हातात द्यायची आणि म्हणायची, आला बघ तुझा माणूस. ती हसायची. चिडायची नाही, हीच मला तिची मोठी खोड वाटायची. आज मी स्वतः तसलंच काही लिहायला बसले आहे. फरक इतकाच, की माझ्या हकिगतीतला माणूस अनोळखी नव्हता. चांगला ओळखीचा होता, आणि माझ्यावर रागावलेला होता.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. वडील नोकरीसाठी मुंबईत, त्यामुळे मला वाढवलं ते आत्याने, बोर्ली पंचतनच्या अलीकडच्या आमच्या गावात, नारळ-सुपारीच्या वाडीत. वाडीला शिंपणं, सुपारी सोलणं, झावळ्या विणणं, सगळं तिने एकटीने केलं. गुडघे दुखायला लागले तेव्हा दुकानातून गोळी आणायची, आणि दुखणं थांबलं की पुन्हा वाडीत. अशा गोळ्या तिने किती वर्षं खाल्ल्या ते तिलाही सांगता येणार नाही. रक्तदाब कधी मोजला नव्हता, कारण कोणी मोजायला आलं नव्हतं आणि ती कुठे गेली नव्हती. एका श्रावणात पावलं सुजली. वाडीतल्या ओलीने सुजली असतील म्हणून तिने महिनाभर हळदीचा लेप लावला. दवाखान्यात नेलं तोवर दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती.

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मंगळवार आणि शुक्रवार. केंद्र माणगावच्या बाजूला, घाट धरून दीड तास जायचं, चार तास खुर्चीवर बसायचं, दीड तास परत. त्यात सूट नाही, सण नाही, सुतक नाही. मी पनवेलची नोकरी सोडून घरी आले. आमच्याच पंचक्रोशीतल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी एक लहानसं मंडळ काम करत होतं, त्यात शिरले. मंडळ कसलं, एक निवृत्त गुरुजी, एक नर्सबाई, दोन दुकानदार, आणि आता मी. काम बघितल्यावर मला पहिल्याच महिन्यात संताप आला. हा आजार चोरासारखा येतो आणि आपण दार उघडं टाकून झोपतो. साधा रक्तदाब आणि लघवीची तपासणी वेळेवर केली असती तर माझी आत्या आज वाडीत असती. हे सगळ्यांना कळलं पाहिजे, आणि लवकर कळलं पाहिजे, म्हणून मी पत्रकं लिहायला लागले.

पत्रक कसं लिहायचं ते मी कॉलेजात असताना एका जुन्या कार्यकर्त्याकडून शिकले होते. पहिल्या ओळीत दणका, दुसऱ्या ओळीत खरं काय ते, तिसऱ्या ओळीत लाज. वाचणाऱ्याला लाज वाटली पाहिजे, मगच तो जागचा हलतो, असं ते सांगायचे. मी ते मनापासून मानलं. लाज वाटायला लावण्यात मी पटाईत झाले.

माझं सगळ्यात गाजलेलं पत्रक शहाळ्याचं. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला कोणी रिकाम्या हाताने जात नाही, आणि हातात शहाळंच असतं. बाळंतिणीला शहाळं, तापाला शहाळं, म्हाताऱ्याला शहाळं. आत्या पहिल्या डायलिसिसहून आली त्या आठवड्यात आमच्या पडवीत शहाळ्यांची रास लागली होती. तिने दिवसभरात दोन प्यायली. माणसं प्रेमाने आणतात, त्यांचं मन कसं मोडायचं. दुसऱ्या दिवशी तिचं काळीज वेडंवाकडं धडधडायला लागलं आणि आम्ही धावत केंद्र गाठलं. डॉक्टरांनी समजावलं की शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, चांगली मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात, हिची टाकू शकत नाहीत, आणि ते साठलं की हृदयच थांबतं. घरी आल्याआल्या मी लिहिलं, "शहाळं पाजून माणसं मारू नका!" खाली बारीक अक्षरांत डायलिसिसच्या रुग्णांबद्दल. बोर्लीच्या बाजारापासून श्रीवर्धनच्या स्टँडपर्यंत मी ते चिकटवलं.

इब्राहिमभाई आमच्या पट्ट्यातले शहाळेवाले. वाड्यांवाड्यांतून शहाळी उचलायची आणि टेम्पोत भरून माणगावला, हायवेवरच्या टपऱ्यांना पोचवायची, हा त्यांचा धंदा. माझं पत्रक लागल्यावर पंधरा दिवसांनी त्यांनी मला भर बाजारात थांबवलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "बाय, तू लिहिलंस किडनीवाल्यांसाठी, पण वाचलं सगळ्यांनी. बारीक अक्षरं कोण वाचतो? आता माणसं मला विचारतात, भाई, ह्यात विष हाय का?" मी त्यांनाच सुनावलं. धंद्यापेक्षा जीव मोठा, असं काहीतरी छापील बोलले. ते टेम्पोत चढले. त्यानंतर मी समोर दिसले की ते मान वळवून दुसऱ्या बाजूची झाडं मोजायचे.

मग मार्चमध्ये रुग्णांना केंद्रावर नेणारी मंडळाची गाडी बंद झाली. गाडी एका भल्या माणसाची होती, तो चालवायचाही. त्याला कंपनीत काम लागलं आणि तो कुटुंबासकट गेला. आम्ही त्याला अडवणार कसे? आत्याला नेण्यासाठी मी दर खेपेला नव्याने कोणाच्या तरी पाया पडू लागले. कधी कोणाची रिक्षा, कधी एसटी, कधी दोन्ही. एसटीतून परतताना आत्या खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून घ्यायची. तिच्या अंगात सीट धरून बसायचीही ताकद उरलेली नसायची. फोनवर मी लोकांशी भांडायचे, ते ती ऐकत असणार. आणि त्याच रागात मी नवं पत्रक काढलं. ह्या वेळी त्यावर फोटो टाकला. आत्याचा. खुर्चीवर, डोळे मिटलेली, हाताला नळ्या लावलेल्या. वर लिहिलं, "ही मरते आहे आणि तुम्ही बघताय." तिला विचारलं नाही. विचारायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही. ती माझी आत्या होती आणि काम तिच्यासाठीच चाललं होतं.

पत्रकांचा गठ्ठा संपला म्हणून मी खूश होते. तो कुठे संपला ते नंतर कळलं. बाजारातल्या भजीवाल्याने उरलेली पत्रकं उचलून नेली होती. एका गुरुवारी आत्या शेजारच्या ताराकाकूंबरोबर बाजारात गेली, माझ्यासाठी कांदाभजी घेऊन आली आणि पुडा माझ्यापुढे ठेवून आत गेली. मी भजी संपवली. तेलात भिजलेला कागद चुरगाळताना बघितलं, तर आत्याचं तोंड होतं. नळ्या दिसत होत्या, डोळ्यांवर तेलाचा डाग होता. मी आत गेले तर ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "चांगली झालेली ना भजी?" बास. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी रिक्षा मिळवली, दारात आणली. आत्या उठली नाही. किती विनवलं, ओरडले, रडले. ती शांतपणे म्हणाली की आता तिने जायचं की थांबायचं ते ती देवीला विचारणार, मंगळवारी कौल लावणार, आणि देवी सांगेल तसं करणार.

कौल म्हणजे काय ते बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्या गावदेवीचा काळा पाषाण आहे. गुरव तगरीच्या दोन ओल्या पाकळ्या तिच्या दोन खांद्यांवर लावतो. माणसाने आपलं गाऱ्हाणं सगळ्यांसमोर, काही न लपवता सांगायचं. मग वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लग्नं, वाटण्या, विहिरीची जागा, आमच्या गावात सगळं असंच ठरत आलं. पाकळी पडेपर्यंत आलेल्यांपैकी कोणी देवळाच्या आवारातून निघायचं नाही, वाटेवरची गाडीही बंद ठेवायची, आणि ज्याच्या घरचा कौल त्या घरच्यांपैकी गाऱ्हाणं घालणारं माणूस सोडून कोणी तोंड उघडायचं नाही. ओल्या पाकळीवर माणसाचा जीव टांगायचा! माझं अंग नुसतं जळत होतं. शुक्रवार चुकला होता. मंगळवारही चुकला तर अंगात साठणारं पाणी फुप्फुसात जाईल, हे केंद्रातल्या सिस्टरने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. सोमवारपर्यंत आत्याचे पाय खांबासारखे झाले होते आणि तिला आडवं झोपवत नव्हतं.

तेव्हा मी जे केलं ते लिहायला जड जातं, पण लिहिते. सोमवारी दुपारी मी गुरवांकडे गेले. गणूदादा वडिलांच्या वयाचे, शांत, देवळामागे राहणारे. मी त्यांना म्हटलं, उजवी पाकळी कमी चिकटवा. थोडी कोरडी लावा. तुमच्या हातात आहे. आयुष्यभर ज्या प्रथेला मी थोतांड म्हणत आले, तीच मला आता वाकवून हवी होती. गणूदादांनी माझं सगळं ऐकून घेतलं. त्यांना राग आला नाही, निदान दिसला नाही.

"लावतो मी," ते म्हणाले. "पाडत न्हाय. पाडणारा मी असतो तर माझा पोरगा कौल घेऊन दुबईला गेला असता काय?"

मग म्हणाले की उद्या तू यायचंस, बसायचंस, आणि एक शब्द बोलायचा नाहीस. मी विचारलं, त्याने काय होणार? ते म्हणाले, "तुझ्या आत्याला बोलायला जागा होईल." मी तणतणत घरी आले. पण ते वाक्य चपलेत गेलेल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

मंगळवारी सकाळी आठला देऊळ भरलं होतं. आत्या किती चालू शकेल ह्या भीतीने मी खुर्ची घेऊन मागे होते, ती मात्र ताराकाकूंचा हात धरून, दर दहा पावलांवर थांबत, स्वतःच्या पायांनी आली. सिस्टरने फोनवर सांगितलं होतं, बारापर्यंत आणा, खुर्ची ठेवते, त्यापुढे नाही ठेवता येणार. आवाराच्या गडग्याला, दगडी कुंपणाला, लागून इब्राहिमभाईंचा टेम्पो उभा होता. शेजारच्या वाडीतली शहाळी भरून झाली होती, आणि निघणार तोच कौल लागत होता म्हणून त्यांनी गाडी बंद केली आणि गडग्यावर बाहेरच्या बाजूने बसले. मला बघून त्यांनी मान वळवली. झाडं मोजायला तिथे चांगली सोय होती.

गणूदादांनी पाकळ्या लावल्या. आत्याने हात जोडले. मला वाटलं होतं ती म्हणेल, आई, दमले, ने मला. तिने गाऱ्हाणं घातलं ते असं.

"आई, मी ह्या गावात ज्याच्या दारात शहाळं न्हेलं न्हाय असं एक घर न्हाय. आजपर्यंत दिलं, घेतलं न्हाय. आता माझं तोंड भजीच्या कागदावर आलं. ह्या पोरीचा दोष न्हाय, ती माझ्यासाठीच भांडते. पण माझ्यासाठी लोकांना शिव्या घालते ते मला ऐकवत न्हाय. कोणाच्या लाजेवर मला जगायचं न्हाय. जायाचं तर मानाने जाईन, न्हायतर घरात बसून मरेन. सांग. जाऊ का थांबू? जायाचं असेल तर उजवी दे."

माझं तोंड उघडलं होतं, आणि गणूदादांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी ते मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ एकही ओळ नव्हती, दणका नाही, लाज नाही. होती ती लाज माझी मलाच.

कौल एरवी पाच-दहा मिनिटांत पडतो. त्या दिवशी पडेना. अर्धा तास गेला. पाकळ्या दोन्ही खांद्यांवर तशाच, जणू दगडालाच फुटलेल्या. पाऊण तास झाला. आत्या भिंतीला टेकून बसली होती, श्वास तोंडाने घेत होती. मी घड्याळाकडे बघायचे, मग पाकळीकडे, मग तिच्या छातीकडे. तिला उचलावी, खांद्यावर टाकावी आणि पळावं असं वाटत होतं. पण ती उठणार नव्हती, आणि तिच्या मनाविरुद्ध मी एकदा वागून बसले होते. दुसऱ्यांदा नको. मी मनात म्हटलं, कोणाला म्हटलं माहीत नाही, की माझं डोकं चालत नाही, मी हात टेकले, आता तुझं तू बघ. इतकंच. मला प्रार्थना येत नव्हती, आजही नीट येत नाही.

माणसं किती वेळ गप्प बसणार? ताराकाकूंनी आत्याला हळूच विचारलं की आजचा दिवस मंगळवार, मंडळाची गाडी किती वाजता येणार? आत्या म्हणाली, "गाडी मार्चपासून बंद हाय." ताराकाकू आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं, मंडळ आहे, गाडी आहे, पोरगी शिकलेली आहे, सगळं सांभाळून घेते. मागे कोणीतरी विचारलं, मग जाता कशा? आत्याने सांगितलं. किती वाजता निघावं लागतं, तेही विचारलं. आत्याने सांगितलं. चार तास काय करता? चार तास छताकडे बघते, म्हणाली, शेजारच्या खुर्चीवरची मुरूडकडची बाई बोलकी आहे पण तिला झोप लागते. थोडे लोक हसले. परत येताना काय होतं? हातपाय गार पडतात, कोणी नुसतं शेजारी बसलं तरी बरं वाटतं. श्वास पुरेल तसं ती बोलत होती, थांबत होती, आणि सगळे तिच्या पुढच्या वाक्यासाठी थांबत होते. फोटोतली बाई बोलायला लागली होती.

मी ऐकत होते. दोन वर्षं मी पत्रकं लिहिली. त्यात आजार होता, इशारे होते, उद्गारचिन्हं होती. "मंगळवारी आणि शुक्रवारी साडेनऊला माणगावला जाणाऱ्या गाडीत एक जागा हवी आहे" हे एवढं एक वाक्य मी कुठेच लिहिलं नव्हतं. काय हवंय ते मी कोणाला सांगितलंच नव्हतं. फक्त ते देत नाहीत म्हणून शिव्या दिल्या होत्या.

ताराकाकू म्हणाल्या, माझा जावई शुक्रवारी दुकानाचा माल आणायला माणगावला जातो, त्याला सांगते. गुरुजींच्या सूनबाई म्हणाल्या, मी खुर्चीजवळ बसायला येईन, विणकाम तिथेही होतं. पण प्रश्न त्या दिवशीचा होता आणि त्या दिवशी कोणाचीच गाडी जात नव्हती. घड्याळात दहाला काही मिनिटं कमी होती.

गडग्याच्या बाहेरून आवाज आला.

"मी जातो की. मंगळवारी, शुक्रवारी, दोन्ही दिवस. पुढची सीट रिकामीच असते माझी. कोणी विचारलंच न्हाय."

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. इब्राहिमभाई गडग्यावर बसूनच बोलत होते, आमच्याकडे पाठ अर्धी वळवून, जणू टेम्पोशी बोलतायत. आत्याने विचारलं, "शहाळ्यांच्या गाडीतनं नेणार मला? माझ्या भाचीने तुझ्या शहाळ्यांवर कागद काढलाय."

"शहाळी मागं, तू पुढं," ते म्हणाले. "प्यायला एक थेंब देणार न्हाय, घाबरू नको. तुझी भाची मला फासावर देईल."

आणि आत्या हसली. त्या सुजलेल्या तोंडाने, श्वास अडखळत असताना, खळखळून हसली. देवळात सगळे हसले. मीही हसले आणि हसता हसता रडले. त्या हसण्यातच गणूदादांचा आवाज आला, "उजवी."

आम्ही वळून बघितलं. उजवी पाकळी देवीच्या पायाशी पडली होती. डावी अजून खांद्यावर होती. आत्याने जमिनीला डोकं टेकलं, ताराकाकूंनी तिला उठवलं, आणि दहा वाजून पाच मिनिटांनी ती शहाळ्यांच्या टेम्पोत पुढच्या सीटवर बसली. मी मागे, शहाळ्यांवर पोतं टाकून. घाटात प्रत्येक वळणाला एखाददुसरं माझ्या पायावर येत होतं. चांगलंच लागत होतं, आणि ते मला योग्यच वाटत होतं. केंद्रावर पोचलो तेव्हा बाराला दहा कमी होते. सिस्टरने खुर्ची ठेवली होती. डॉक्टरांनी आत्याच्या छातीला नळी लावून ऐकलं आणि मला एवढंच म्हणाले की बरं झालं आजच आणलंत.

पुढे पंधरा दिवसांनी मी गणूदादांना विचारलं. राहवेना. दादा, खरं सांगा, तुमचा हात लागला का? ते देवळाची पायरी झाडत होते. म्हणाले, "तू बघत होतीस ना?"

म्हटलं, मी इब्राहिमभाईंकडे बघत होते.

"मीपण तिकडंच बघत होतो," ते म्हणाले, आणि झाडू लागले.

ह्यावर मी वाद घालणार नाही. पूर्वी घातला असता. ओली पाकळी दोन तासांत सुकते आणि सुकली की पडते, हे मलाही कळतं. ती उजवीच आधी का सुकली, आणि त्याच क्षणी का, आणि एरवी दहा मिनिटांत पडणारी त्या दिवशी माणसांची बोलणी संपेपर्यंत का थांबली, हे मला कळत नाही. सगळं आपल्याला कळलंच पाहिजे, ही माझी जिद्द होती, ती मी त्या आवारात ठेवून आले. बाकीची जिद्द परत आणली आहे. ती लागणार आहे.

त्या आठवड्यात मी आधी आत्याची माफी मागितली. ती म्हणाली, फोटो तरी चांगला काढायचास, केस विंचरलेले नव्हते माझे. मग इब्राहिमभाईंकडे गेले. त्यांनी माझं बोलणं पुरतं ऐकलं नाही, म्हणाले, कागद नवा काढ, ह्या वेळी बारीक अक्षरं मोठी कर. म्हणून नवा कागद काढला. त्यात एकही उद्गारचिन्ह नाही. शहाळं कोणी प्यावं आणि कोणी पिऊ नये, दोन्ही सारख्याच मोठ्या अक्षरांत आहे. इब्राहिमभाई तो स्वतःच्या टेम्पोवर चिकटवून फिरतात.

बाकीचं त्या कागदावर आहे तेच इथे लिहिते, कारण वाचणारे मला विचारतील, आम्ही काय करावं. तुमच्या गावात डायलिसिसला जाणारं माणूस असेल. त्याच्या घरी जा, त्याला विचारा, कोणत्या वारी, किती वाजता. तुमची गाडी त्या बाजूला जात असेल तर एक जागा द्या. गाडी नसेल तर खुर्चीजवळ चार तास बसा. हातात काही न्यायचं असेल तर आधी विचारा काय चालतं, आणि काहीच चालत नसेल तर रिकामे हात घेऊन जा, ते चालतात. आपल्या घरातल्या चाळिशीपुढच्या माणसाचा रक्तदाब मोजा, लघवी तपासा, गुडघ्याची गोळी कोण किती खातं त्यावर लक्ष ठेवा. मरणानंतर आपली मूत्रपिंडं कोणाच्या उपयोगी यावीत असं वाटत असेल तर ते आजच घरच्यांसमोर मोठ्याने बोला, कारण त्या वेळी तुम्ही बोलायला नसाल. आणि तुमच्या भागात आमच्यासारखं मंडळ असेल तर आठवड्याची एक दुपार त्याला द्या. जमेल तेवढं. लाजेपोटी देऊ नका, लाजेने दिलेलं टिकत नाही, हे मी माझ्या अनुभवाने सांगते.

आमच्या पट्ट्यात आता सहा गाड्यांची पाळी लागते. तिघं रुग्ण तिच्यावर जातात. एखादी पाळी चुकते, एखादा टेम्पो घाटात बंद पडतो, तेव्हा मी पुन्हा तापते आणि फोनवर आवाज चढवते. मग आत्या आतून खोकते आणि मी आवाज उतरवते. ती बरी झाली आहे असं नाही. तो आजार बरा होत नाही, तिला माहीत आहे आणि मलाही. किती मंगळवार मिळतील ते आमच्या हातात नाही, मिळालेल्या मंगळवारी तिला वेळेवर पोचवणं आमच्या हातात आहे.

डायलिसिससाठी तिच्या डाव्या मनगटाच्या वर एक शीर धमनीला जोडलेली आहे. ती चालू आहे ना, हे रोज सकाळी हात ठेवून बघावं लागतं. शीर चालू असली की कातडीखाली सतत बारीक थरथर लागते, मधमाश्यांच्या पोळ्यावर तळवा धरल्यासारखी. पूर्वी मी दोन बोटं टेकवायची, चालू आहे म्हणायची आणि कामाला जायची. आत्या म्हणायची, ती देवी गुणगुणते गो, आणि मी म्हणायची, ते रक्त आहे आत्या. आता मी सकाळी पूर्ण तळवा ठेवते आणि थोडा वेळ काही बोलत नाही. ती विचारते, "हाय ना गो?" मी म्हणते, हाय. मग बाहेर शहाळ्यांच्या टेम्पोचा हॉर्न वाजतो, आणि आम्ही निघतो.